पुलास्की स्कायवे: रस्ता नवा, सांगाडा जुनाच

न्यूअर्क आणि जर्सी सिटी जोडणारा पुलास्की स्कायवे आपल्यापैकी कित्येकांच्या रोजच्या वाटेवर आहे. साडेतीन मैलांचा हा पोलादी ट्रसचा पूल 1932 मध्ये खुला झाला. पॅसेइक आणि हॅकेनसॅक नद्यांतून मोठी जहाजे जावीत म्हणून तो 135 फूट उंच चढवला. बिघडलेली गाडी बाजूला घ्यायला मात्र जागा ठेवली नाही! अपघात वाढले आणि 1934 पासून ट्रकना बंदी आली. 2005 मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद झाली. 2014 मध्ये न्यूयॉर्ककडे जाणारी बाजू बंद करून गाड्या धावतात तो काँक्रीटचा थर बदलायला घेतला. चार वर्षे आपण वळसे घातले. नवा पूल रुंद झाला असता, हे खरे. पण हा काळा सांगाडा वाचला, याचा मला आनंदच आहे. थांबायला जागा आजही नाही. निघण्यापूर्वी टायर आणि गॅस बघून घ्या.