पेचकसाची मूठ

पेचकस हा शब्द तुम्हाला नवा नाही. उर्दूत आपण त्याला पेचकश म्हणतो. 'पेच' म्हणजे पीळ किंवा वळसा, आणि 'कश' म्हणजे ओढणारा. फारसीतला हा शब्द मराठीत आला आणि 'श'चा 'स' झाला. मराठीत हा पेच आणखीही ठिकाणी भेटतो. पहिलवान कुस्तीत डावपेच लढवतात आणि अडचणीत सापडलेला माणूस पेचात पडतो. जिवतीच्या बाजारात 'स्क्रू ड्रायव्हर' म्हणालात तरी दुकानदार हीच वस्तू पुढे करील.

सायकलच्या दुकानात किंवा पाण्याची मोटार दुरुस्त करणाऱ्याच्या पेटीत डोकावून पाहा. हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगाच्या, आरपार दिसणाऱ्या कडक प्लॅस्टिकच्या मुठीचा एखादा जुना पेचकस तिथे नक्की सापडेल. नाशिकच्या टपारिया कंपनीचे हिरव्या मुठीचे पेचकस तर गावोगावी आहेत. आता मऊ रबरी मुठीचे नवे पेचकस आले आहेत. मग जुने टाकून द्यावेत काय? त्याआधी ही मूठ काय काम करते ते पाहू.

मूठ जितकी जाड, तितका पीळ जास्त बसतो. २ सेंटिमीटर जाडीची मूठ आणि ३ सेंटिमीटर जाडीची मूठ सारख्याच जोराने फिरवली, तर दुसरी दीडपट पीळ देते. जुन्या प्लॅस्टिकच्या मुठी बहुधा बारीक असतात, हा त्यांचा पहिला दोष. दुसरा दोष घामाचा. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा दिवसांत गुळगुळीत मूठ हातातून निसटते. तिच्यावर उभ्या खाचा असतात त्या पकड यावी म्हणूनच. पण दिवसभर काम केले की याच खाचा तळहाताला फोड आणतात.

या मुठीचे प्लॅस्टिक कशाचे असते, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. चांगल्या जुन्या मुठी सेल्युलोज ॲसिटेट किंवा त्याच कुळातल्या प्लॅस्टिकच्या असतात. सेल्युलोज मिळते लाकडाच्या लगद्यातून किंवा कापसापासून. आपल्या भागात पिकतो त्याच कापसातील सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू यासाठी चालतात. त्यांच्यावर सिरक्यातल्या आम्लाची प्रक्रिया करतात. काही प्रकारांत शिळ्या लोण्याला वास आणणारे आम्लही वापरतात. म्हणूनच बंद पेटीत वर्षानुवर्षे पडलेल्या पेचकसाला कधी कधी आंबूस, उलटीसारखा वास येतो आणि मुठीवर पांढरी भुकटी जमते. उष्णतेने व दमटपणाने प्लॅस्टिक हळूहळू विघटित होते आणि आत बांधलेले आम्ल मोकळे होते. साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून सावलीत हवेशीर ठेवले की वास पुष्कळ कमी होतो. थिनरने मात्र पुसू नये. त्यातल्या ॲसिटोनसारख्या द्रवांनी ही मूठ विरघळू लागते.

आता गुणांकडे वळू. पूर्वी मुठी लाकडाच्या असत. लाकूड पावसाळ्यात फुगे, उन्हाळ्यात आक्रसे, आणि मग सळई मुठीत फिरू लागे. कडक प्लॅस्टिकचे असे होत नाही. हातोडीचा हलका ठोका ते सोसते, तेल व ग्रीस पुसले की निघते. नव्या रबरी मुठी हाताला सुखाच्या खऱ्या, पण उन्हाने आणि तेलाने काही वर्षांत चिकट होतात. माझे मत विचाराल तर सायकल, दाराची कडी, टेबलाचा पाय अशा कामांना जुनाच पेचकस बरा.

विजेच्या कामाची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे नीट लक्ष द्या. "मूठ प्लॅस्टिकची आहे, काही होत नाही," असे म्हणत चालू बोर्डात पेचकस घालणारे तुम्ही पाहिले असतील. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही हे खरे. पण सळई तर लोखंडाचीच आहे! बोट जरा पुढे सरकले की ते उघड्या सळईला लागते. काही पेचकसांत ठोकण्यासाठी सळई मुठीच्या आरपार गेलेली असते आणि तिचे टोक वर तळहाताशी येते. मुठीला बारीक तडा असेल, तर पावसाळ्यात त्यात ओल शिरते. घरात वीज २३० व्होल्टची असते. ६० वॅटच्या साध्या दिव्यातून साधारण पाव अँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या आठव्या हिश्श्याएवढा प्रवाह छातीतून गेला, तरी जिवावर बेतू शकते.

वायरमनच्या खिशातला टेस्टर पेचकसासारखा दिसतो, म्हणून त्याने स्क्रू पिळण्याचा मोह होतो. त्याच्या मुठीत निऑनचा छोटा दिवा आणि सुमारे दहा लाख ओहमचा रोधक असतो. त्या रोधकामुळे प्रवाह इतका थोडा होतो की तो हाताला जाणवत नाही. मूठ पिळून तडकली किंवा आत पाणी गेले, तर हे संरक्षण संपते.

विजेच्या कामासाठी बनवलेल्या खास पेचकसाची सळई टोकाजवळचा भाग सोडून पूर्ण आच्छादलेली असते. त्याच्यावर १००० व्होल्ट हा आकडा आणि दोन त्रिकोणांचे चिन्ह असते. तोही कामाआधी मेन स्विच बंद करूनच वापरतात. तुमच्यापैकी कोणी पुढे आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स घेतला, तर हे चिन्ह रोज दिसेल. आज घरी गेल्यावर पेटीतला जुना पेचकस उजेडात धरून पाहा. मूठ आरपार दिसणारी असेल, तर सळई आत कुठपर्यंत गेली आहे आणि तडा कुठे आहे, हे बाहेरूनच कळेल.