सायकल जड चालतेय? हबला ग्रीस द्या

ताईंनो, मानव विकास योजनेतून मिळालेली मुलीची सायकल पावसाळ्यानंतर जड चालते का? चाक फिरवलं की खरखर आवाज येतो? म्हणजे हबमधलं ग्रीस संपलंय. छर्रे कोरडे घासले की कोन झिजतो आणि मग खर्च वाढतो. हे काम गटातल्या दोघी मिळून घरीच करू शकता. सुरुवात पुढच्या चाकापासून करा.

१. चाक काढून कापडावर ठेवा. एका बाजूचा कोन सोडवून एक्सल काढा.
२. दोन्ही बाजूंचे छर्रे मोजून वेगवेगळे ठेवा.
३. सगळं डिझेलने धुवा, कोरडं पुसा. चूल, विडी जवळ नको.
४. झिजलेले छर्रे असतील तर सगळेच नवे, त्याच मापाचे घ्या.
५. वाटीत ग्रीस भरून छर्रे बसवा, एक्सल घाला.
६. कोन हाताने आवळून किंचित मागे घ्या. चाक बसवून नट घट्ट करा. चाक मोकळं फिरावं, पण डुगडुगू नये.

ग्रीसऐवजी खोबरेल तेल नको, ते टिकत नाही. रिमला किंवा ब्रेकच्या रबराला ग्रीस लागलं तर ब्रेक लागणार नाही. म्हणून ब्रेक तपासूनच मुलीला शाळेत पाठवा.

पाने आणि ग्रीसचा डबा गटाने मिळून घेतला, तर सगळ्यांच्याच सायकली चालत्या राहतील.