नवोदित चित्रकाराचा अर्ज

रायपूरमधील तेलीबांध्याच्या तलावाकाठी रेखाटने करणाऱ्या नवोदिताने हे ध्यानी धरावे की, नागपुरात व पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले सैयद हैदर रझा १९५० साली पॅरिसला गेले, ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. आजही केंद्रीय संस्कृती मंत्रालय अठरा ते पंचवीस वयाच्या निवडक कलावंतांस दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये देते, ललित कला अकादमी राष्ट्रीय प्रदर्शनासाठी कलाकृती मागविते, आणि दिल्लीच्या ‘खोज’सारख्या संस्था निवासी कार्यकाळ देतात. जवळच, खैरागढच्या १९५६ सालच्या कला-संगीत विश्वविद्यालयात या वाटा चाललेले अध्यापक भेटू शकतात. त्यांना अवश्य विचारावे. अर्जासोबत प्रत्येक चित्राचे माध्यम, आकारमान व निर्मितीवर्ष बिनचूक नोंदवावे. माझ्या मते आत्मनिवेदनाइतकीच ही दफ्तरी शिस्त मोलाची आहे.