आकडा हॉर्सपॉवरचा, परीक्षा रॉडची

टर्बो गाडीची ताकद वाढवणं आता लॅपटॉपवर बसून करायचं काम झालं आहे. ईसीयूचं ट्यूनिंग बदललं, टर्बोचा दाब चढवला, की त्याच इंजिनातून कितीतरी जास्त ताकद निघते. ती पेलायची मात्र कंपनीने बसवलेल्या पिस्टनने, रॉडने आणि क्रँकने. म्हणून गाडीवेड्यांच्या गप्पांत एक प्रश्न हटकून निघतो: आतला एकही भाग न बदलता हे इंजिन किती हॉर्सपॉवर सोसेल? आणि उत्तरात हटकून एक नाव येतं, टोयोटाच्या टू-जेझेड-जीटीईचं.

हे इंजिन १९९१ मध्ये अ‍ॅरिस्टो या सेडानमधून आलं, पण त्याचं नाव झालं १९९३ च्या सुप्रामुळे. एका रांगेत सहा सिलिंडर, २,९९७ सीसी, बोअर ८६ मिलिमीटर आणि स्ट्रोकही तेवढाच. टर्बो दोन, कमी फेऱ्यांवर पहिला एकटा काम करतो, फेरे वाढले की दुसरा जोडीला येतो. जपानमध्ये त्याची जाहीर ताकद २८० पीएस होती, कारण त्यापुढचा आकडा जाहीर करायचा नाही असा तिथल्या मोटार कंपन्यांचा आपसातला संकेत होता. तो २००४ पर्यंत चालला. अमेरिकेत विकलेल्या सुप्रात हेच इंजिन ३२० हॉर्सपॉवर देत होतं. त्यासाठी टर्बो आणि इंजेक्टर वेगळे घातले होते. ब्लॉक मात्र तोच ठेवला होता. म्हणजे आत शिल्लक किती आहे, याची पहिली चुणूक खुद्द कंपनीनेच दाखवली होती.

ती शिल्लक आली कुठून, हे ब्लॉक उघडा पडल्यावर कळतं. ब्लॉक बिडाचा, वजनाला भारी. हेड उतरवून वरून पाहिलं, तर सिलिंडरांभोवतीची पाण्याची जागा वरच्या बाजूला धातूने बंद केलेली दिसते. पाणी हेडमध्ये चढण्यापुरती भोकं तेवढी ठेवलेली. याला क्लोज्ड डेक म्हणतात. स्फोटाचा दाब वाढला तरी सिलिंडरची वरची कड हलत नाही, त्यामुळे हेड गॅस्केट तग धरतं. खाली घडीव पोलादाचा क्रँक सात मेन बेअरिंगांवर बसतो. सहा रॉड आणि सात बेअरिंगं, म्हणजे प्रत्येक रॉडला दोन्ही अंगांनी आधार. प्रत्येक पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची पिचकारी उडते आणि त्याची उष्णता ओढून घेते. कॉम्प्रेशन ८.५ ला १, टर्बोला साजेसं बेताचं.

आता या भागांवर काय गुजरतं, ते पाहू. ८६ मिलिमीटर बोअरच्या पिस्टनचं डोकं साधारण ५८ चौरस सेंटिमीटर भरतं. स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब १०० बार धरला, तर त्या डोक्यावर जवळजवळ ६ टनांचा भार येतो, आणि तो सगळा एका रॉडवाटे क्रँकवर उतरतो. टर्बोचा दाब वाढवला की हा भार वाढतो आणि रॉड दाबला जातो.

रॉडचा दुसरा शत्रू याच्या नेमका उलटा आहे. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन भरधाव वर येतो आणि त्याला तिथल्या तिथे थांबवून परत खाली ओढायचं असतं. तेव्हा वरून दाबायला वायू नसतो. पिस्टनची सगळी ओढ रॉडवर आणि त्याच्या बोल्टवर पडते. ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ७,००० आरपीएमवरून ८,००० वर गेलं, तर फेरे १४ टक्क्यांनी वाढतात आणि ओढ ३१ टक्क्यांनी.

म्हणूनच हॉर्सपॉवरचा आकडा एकटा फारसं सांगत नाही. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. ६०० हॉर्सपॉवर कमी फेऱ्यांवर काढायचे, तर टॉर्क प्रचंड लागतो आणि रॉड वाकण्याची भीती असते. तेच ६०० वरच्या फेऱ्यांवर काढले, तर दाब आवाक्यात राहतो, पण ताण वाढतो. एक मोठा टर्बो लावलेली सुप्रा खालच्या फेऱ्यांवर मंद वाटते. चालवणारा कुरकुरतो, रॉडच्या मात्र ते पथ्यावर पडतं.

एवढं असूनही बहुतेक इंजिनं जातात ती उष्णतेने. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं किंवा ठिणगीचं टायमिंग फार पुढे गेलं, की उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. त्याचे हादरे पिस्टनवर दोन रिंगांमधल्या अरुंद पट्टीला बसतात. सुप्राचे मूळ पिस्टन साच्यात ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. घडीव पिस्टनाइतका मार ते खात नाहीत, आणि ती पट्टी कपचा निघावा तशी तुटते. दुसरी गोष्ट रिंगेच्या फटीची. रिंग तापून लांबते, म्हणून तिच्या दोन टोकांत बारीक फट ठेवलेली असते. ती कंपनीच्या ताकदीच्या हिशोबाने ठेवलेली. उष्णता त्यापलीकडे गेली की टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरला घासते आणि इंजिन बसतं. यात धातू कमजोर नव्हता. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा हिशोब चुकला. त्यामुळे मोठा इंटरकूलर, पुरेसा पेट्रोल पंप, चांगलं इंधन आणि संयमाने केलेलं ट्यूनिंग या बाहेरच्या गोष्टीच आतल्या भागांचं आयुष्य ठरवतात.

टू-जेझेडच्या मूळ भागांवर ६००-७०० हॉर्सपॉवर काढणाऱ्या गाड्या आहेत, हे खरं. १,००० च्या गोष्टी ऐकताना मात्र कान टवकारावेत. अशा बहुतेक इंजिनांत ब्लॉक तेवढा कंपनीचा असतो. पिस्टन आणि रॉड घडीव, बाहेरून आणलेले. हा फरक जुनाच आहे. बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशे यांनी साध्या मोटारींच्या चार सिलिंडरी ब्लॉकवर दीड लिटरचं फॉर्म्युला वन टर्बो इंजिन उभं केलं आणि १९८३ मध्ये नेल्सन पिके त्याच इंजिनावर जगज्जेता झाला. ब्लॉकचा वंश बाजारातल्या गाडीचा होता, आतलं सामान शर्यतीचं.

शिवाय, सोसणं म्हणजे किती वेळ सोसणं? ड्रॅग स्ट्रिपवरची पाव मैलाची धाव काही सेकंदांत संपते. घाटात उन्हाळ्याच्या दुपारी पूर्ण दाबाने चढणारं इंजिन मिनिटंच्या मिनिटं भाजत असतं. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला रॉड दुसरीत नापास होऊ शकतो. आपल्याकडे तर त्याआधी कायद्याचीही परीक्षा आहे: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही.

तेव्हा आपल्या गाडीबद्दल विचारायचंच असेल, तर हॉर्सपॉवर विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: टॉर्क कुठल्या फेऱ्यांवर येतोय, इंधन कोणतं आहे, आत जाणारी हवा किती तापतेय, आणि गाडी पूर्ण दाबावर किती वेळ चालणार आहे. ही चार उत्तरं न घेता जो ट्यूनर थेट आकडा सांगतो, त्याच्या हातात किल्ली देऊ नये.