‘प्रतोद’चं इस्लामपूर

इस्लामपूरला (आता सरकारी पाटीवर ईश्वरपूर) उतरून ‘प्रतोद’ साप्ताहिकाचा छापखाना कुठे होता असं विचारलं, तर लोक फ्लेक्सच्या दुकानाकडे बोट दाखवतात. त्यांचंही बरोबरच, हल्ली छपाई म्हणजे फ्लेक्सच. शंभूआप्पांचा उरूस, वाळवा तालुक्यातलं प्रतिसरकार, साखर कारखाना, हे सगळं इथल्या पोरांनाही ठाऊक असतं. ‘प्रतोद’ मात्र गावापेक्षा वकिलांच्या पुस्तकांत जास्त सापडतो.

साल १८९७. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. सांगलीकडे यायला अजून अर्धशतक बाकी. पुण्यात प्लेग, मग रँडचा खून, आणि टिळकांवर खटला. त्याच वर्षी या आडगावच्या साप्ताहिकात स्वतंत्र होण्याच्या तयारीवर लेख आला. लेख होता कॅनडाबद्दल. पण सरकारला तो हिंदुस्थानाबद्दलच वाटला, आणि तसा तो होताही. राजद्रोहाचं १२४-अ कलम लागलं. साताऱ्याच्या सेशन्स कोर्टात ॲस्टनसाहेबांनी संपादकाला जन्मठेप काळं पाणी ठोठावलं आणि त्याच्या जोडीदाराला सात वर्षं. (हेच ॲस्टन पुढे ताईमहाराज प्रकरणात टिळकांच्या वाट्याला आले.) अपील मुंबई हायकोर्टाच्या तीन न्यायमूर्तींपुढे गेलं. त्यांत फॅरन होते आणि आपले न्यायमूर्ती रानडेही. गुन्हा कायम राहिला, पण शिक्षा अनुक्रमे एक वर्ष आणि तीन महिने अशी खाली आली. ‘रामचंद्र नारायण’ या नावानं हा निकाल राजद्रोहाच्या चर्चेत आजही निघतो. वाईच्या ‘मोदवृत्ता’वरही त्याच वर्षी खटला झाला होता, म्हणजे कृष्णाकाठची साप्ताहिकं तेव्हा सरकारच्या डोळ्यांत चांगलीच सलत होती.

हे सगळं मी बाजारपेठेमागच्या गल्लीत एका निवृत्त कंपोझिटरना सांगत होतो. वय ऐंशीच्या पुढे, बोटांची टोकं अजून चपटी. त्यांच्या उमेदीत तालुक्याची साप्ताहिकं खिळे जुळवूनच निघायची. डाव्या हातात स्टिक, समोर केस, न बघता हात बरोबर ‘क्ष’च्या खणात. ऊकार, रफार तुटले की पंचाईत. मग शब्दच बदलायचा आणि संपादकाला नंतर सांगायचं. अंक निघाला की सगळे खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे, आणि या कामाला पोरं नेहमी गायब! अंक चालायचा तो कोर्टाच्या नोटिसा, बँकेचे ताळेबंद आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांवर. त्यातून जागा उरली तर बातमी.

ॲस्टनच्या शिक्षेतलं काळं पाणी ऐकून ते फारसे हलले नाहीत. छापणाऱ्यालाही शिक्षा झाली का, एवढंच त्यांनी विचारलं. कारण अंकाच्या तळाला मुद्रकाचं नाव कायद्यानं द्यावंच लागे, आणि काही वेडंवाकडं छापलं की पोलीस आधी छापखान्यात येत. म्हणून मजकूर जुळवण्याआधी ते तो वाचून घेत, आणि एखादं वाक्य संपादकाकडे परतही पाठवत. ते काय होतं, हे मात्र त्यांनी हसून टाळलं.

आता साप्ताहिक मोबाइलवरच येतं. कुठलाही पेपर हातात आला की ते आधी तळाची ओळ शोधतात. ती इतकी बारीक का छापतात, ही त्यांची तक्रार. आणि एवढे चौक सुशोभित झाले, त्यात ‘प्रतोद’च्या नावाची एक पाटी नगरपरिषदेला लावता येऊ नये का, ही माझी.