बहिरी ससाणा आणि पाण्यातली पिसू

पोरांनो, सगळ्यांत बहाद्दर प्राणी कोण, असं विचारलं की कुणीतरी बहिरी ससाण्याचं नाव घेणारच. घ्यावंच. भक्ष्यावर सूर मारताना हा पक्षी ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो. एवढा वेग दुसऱ्या कुठल्या प्राण्याला जमलेला नाही. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर त्याची शाहीन ही उपजात राहते.

त्याच्यासमोर मी आज उभी करतोय डबक्यातली डॅफ्निया. कोळंबी-खेकड्यांच्या दूरच्या नात्यातली, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. टुणटुण उड्या मारत पोहते, म्हणून पाण्यातली पिसू. अंग इतकं पारदर्शक, की सूक्ष्मदर्शकाखाली तिचं धडधडणारं काळीज दिसतं. डोळा एकच. हसू नका, ऐका पुढे.

ससाण्याला धोका वाटला तर तो उडून जाईल. ही डबकं सोडून जाणार कुठे? डॅफ्निया लुमहोल्त्झी नावाच्या जातीत गंमत अशी, की पाण्याला माशाचा नुसता वास लागला तरी पिल्लांच्या डोक्यावर लांब, टोकदार टोप उगवतो आणि शेपटीचा काटा वाढतो. छोट्या माशांना ती गिळता येत नाहीत. मासे नसतील, तर तशाच आयांची पिल्लं जवळजवळ बोडकी! चिलखत घडवायला खर्च येतो ना, उगाच कोण करील?

अंड्यांचीही तीच तऱ्हा. दिवस बरे असले की ती नराशिवायच मुलीमागून मुली जन्माला घालते. दिवस फिरले की नर निपजतात आणि टणक कवचाच्या डबीत दोन-दोन अंडी गाळात जाऊन बसतात. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एका तळ्याच्या गाळातून शास्त्रज्ञांनी सुमारे 700 वर्षांपूर्वीची अंडी काढून उबवली. आपल्याकडे ज्ञानदेवांनी समाधी घेतली, साधारण त्या सुमाराची!

आणि ससाण्याची अंडी? डीडीटी हे कीटकनाशक फवारलं गेलं, ते किड्यांतून छोट्या पाखरांत आणि पाखरांतून ससाण्याच्या पोटात साठत गेलं. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतली अंडी ताज्या अंड्यांशी ताडून पाहिली आणि 1967 मध्ये दाखवून दिलं, की 1947च्या सुमारापासून कवचं पातळ झाली होती. उबवायला बसलेल्या आईच्या भारानंच ती फुटत. (अंडी पळवून जमवण्याचा तिथला छंद मला मुळीच आवडत नाही, पण इथे तो कामी आला खरा.)

विषापुढे डॅफ्नियाचंही काही चालत नाही. म्हणूनच एखादं रसायन पाण्यात किती घातक आहे हे तपासायचं, तर प्रयोगशाळेत तिची पिल्लं त्यात सोडतात आणि 48 तासांनी किती जणींची हालचाल थांबली, ते मोजतात.