मॉरिशसचा फुटबॉल आणि पांढुर्ण्याची गोटमार

३ सप्टेंबर २०२४ रोजी हैदराबादेत मॉरिशसच्या फुटबॉल संघाने भारताला गोलशून्य बरोबरीत रोखले. हिंदी महासागरातील, सुमारे साडेबारा लाख वस्तीच्या या बेटाशी आपले नाते केवळ मैदानापुरते नाही. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर जे करारबद्ध मजूर तेथे गेले, त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. गणेशचतुर्थीला तेथे आज सार्वजनिक सुट्टी असते. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्यासारख्या घरांना या संघाची हकीकत परकी वाटू नये.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले आणि १९७४ साली त्याचा संघ ईजिप्तमध्ये आफ्रिका चषकाच्या मुख्य स्पर्धेत उतरला. तेथे तो तिन्ही सामने हरला खरा. पण तेवढी मजल त्याला पुन्हा मारता आलेली नाही. १९८५ व २००३ साली घरच्या मैदानावर हिंदी महासागर द्वीप क्रीडास्पर्धेतील सुवर्णपदके मात्र मिळाली.

राष्ट्राचा संघ एक असला, तरी ज्या क्लबांतून खेळाडू यावयाचे ते जातिधर्माने वाटलेले होते. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स अशी त्यांची नावेच होती. पुढे सरकारने धर्मवाचक नावे काढावयास लावली. नावे गेली, मने तीच राहिली. २३ मे १९९९ रोजी अजिंक्यपदाच्या सामन्यात स्काउट्स क्लब फायर ब्रिगेड संघाकडून हरला आणि दंगल उसळली. पोर्ट लुई येथील एका जुगारगृहाला लावलेल्या आगीत सात जीव गेले. देशांतर्गत फुटबॉल थांबले. मग जुने क्लब मोडून गावांच्या व विभागांच्या नावांनी नवे उभारण्यात आले. शांतता आली, पण मैदानावरील गर्दीही ओसरली.

जात काढून गाव आणले, एवढ्याने प्रश्न सुटतो काय? उत्तरासाठी समुद्र ओलांडावयास नको. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, तेव्हा पांढुर्णा व सौसर हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात झेंड्यासह पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. भाषा एक, पोळा एक. तरी दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकांचे प्राणही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच उचलले!

घराण्याचा अभिमान आम्हा गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांनाही थोडाथोडका नसतो. तो नसता तर मैफलीला रंगही चढला नसता. परंतु दोन घराण्यांचे कलावंत जुगलबंदीस बसले, म्हणजे सम दोघांना एकच मानावी लागते. मैदानावर शिट्टीचे तेच स्थान आहे. मॉरिशसने अभिमानाचे नाव बदलले. पांढुर्ण्यात दगडाऐवजी चेंडू देण्यात आला. हरल्यावर पलीकडच्या काठावरील माणसाला हात देण्याची सवय मात्र हुकमाने लागत नाही. ती लहानपणी, रोजच्या खेळातून लावावी लागते. ते काम सरकारचे कमी आणि आपल्या घरांचे व शाळांचे अधिक आहे.